भांडी धुणे
भांडी धुणे : स्वयंपाक, जेवण व अन्नसाठवण यांसाठी वापरलेल्या भांड्यांवरील अन्नाचे अवशेष, तेलकटपणा, काजळी आणि सूक्ष्मजंतू काढून टाकून ती पुन्हा वापरण्यायोग्य करण्याची क्रिया. घरगुती कामांमध्ये ती रोजची, न टळणारी व श्रमाची असल्याने तिच्यासाठी लागणारे पाणी, इंधन, वेळ आणि मनुष्यबळ यांची एकूण बेरीज फार मोठी होते. ही क्रिया हाताने अथवा यंत्राने करतात. यंत्र पाणी वाचविते की अधिक वापरते, त्यात धुतलेली भांडी अधिक निर्जंतुक असतात काय आणि सर्व प्रकारच्या भांड्यांना ते चालते काय, हे प्रश्न नेहमी विचारले जातात. त्यांचे उत्तर सर्वत्र सारखे नसून ते पाण्याची उपलब्धता, ते तापविण्याची रीत, भांड्यांचा प्रकार आणि काम करणारी व्यक्ती यांवर अवलंबून असते.

मळाचे स्वरूप व तो निघण्याची क्रिया : भांड्यांवरील मळ मुख्यतः चार प्रकारचा असतो. भात, पोळी, डाळ यांतील पिष्टमय पदार्थ वाळले की घट्ट चिकटतात. दूध, अंडी, मांस यांतील प्रथिने उष्णतेने साकळून धातूस धरून बसतात. तेल व तूप यांचा थर पाण्यात विरघळत नाही. आणि करपलेल्या अन्नाचा अथवा धुराचा कार्बनयुक्त थर तर घासल्यावाचून निघतच नाही. यांशिवाय कठीण (दुष्फेन) पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या लवणांचे पांढरे डाग भांड्यावर राहतात. सांडलेले दूध गरम पाण्यापेक्षा गार पाण्याने आधी विसळावे, असा जो घरगुती संकेत आहे त्याचे कारण प्रथिनांच्या या साकळण्यात आहे.

कोणत्याही धुण्याच्या क्रियेत चार घटकांचा वाटा असतो : रासायनिक क्रिया, यांत्रिक क्रिया (घासणे किंवा पाण्याचा मारा), तापमान आणि वेळ. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९६० च्या सुमारास हे चार घटक एका वर्तुळाच्या भागांच्या रूपाने मांडले. एक घटक कमी केल्यास दुसरा वाढवून त्याची भरपाई करावी लागते, हे त्यामागील तत्त्व आहे. खरकटी भांडी तासभर भिजत घातली की घासण्याचे श्रम कमी होतात, कारण येथे वेळ यांत्रिक क्रियेची जागा घेतो. हाताने धुताना घासण्यावर भर असतो आणि तापमान कमी असते. यंत्रात घासणे जवळजवळ नसतेच, म्हणून तेथे तीव्र रसायने, उच्च तापमान आणि दीर्घ वेळ यांचा अवलंब करावा लागतो. हाताने व यंत्राने धुण्यातील बहुतेक सर्व भेद या एका तत्त्वातून उलगडतात.

साबण व संश्लेषित प्रक्षालके यांच्या रेणूंचे एक टोक पाण्याकडे व दुसरे तेलाकडे ओढले जाते. त्यामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होऊन पाणी मळात शिरते, तेलाचे सूक्ष्म थेंब सुटे होतात व ते पाण्यात तरंगत राहून वाहून जातात. कठीण पाण्यात साबणाचा साका बनून तो वाया जातो, संश्लेषित प्रक्षालकांवर असा परिणाम पुष्कळच कमी होतो [⟶ प्रक्षालके, साबण].

हाताने धुण्याच्या पद्धती : महाराष्ट्रात भांडी घासण्यासाठी पूर्वापार लाकडाची किंवा गोवरीची राख, बारीक माती व विटेची भुकटी यांचा उपयोग होत आला आहे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ओलसर राखेतील ही अल्कली भांड्यावरील तेलाच्या काही भागाचे साबणात रूपांतर करते आणि राखेचे कण घासण्याचे काम करतात. राखेने घासताना पाणी अगदी थोडे लागते व ते प्रामुख्याने विसळण्यासाठीच खर्च होते, हा तिचा कोरड्या प्रदेशात महत्त्वाचा ठरणारा गुण होय. रिठ्याच्या फळातील सॅपोनिनामुळे फेस येतो. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने अथवा लिंबाने, कोकणात व गोव्यात आमसुलानेही घासतात. त्यांतील कार्बनी अम्लांत तांब्याची ऑक्साइडे व कळंक विरघळतात आणि धातूची मूळ चकाकी परत येते. घासणी म्हणून नारळाची शेंडी, काथ्या, वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, सुंभ इत्यादींचा वापर होत असे. पितळेच्या भांड्यांना आतून कथिलाचा मुलामा देतात, त्यास कल्हई म्हणतात. आंबट पदार्थ व पितळ यांचा संपर्क टाळणे हा तिचा हेतू असतो. खरखरीत मातीने जोरात घासल्यास कल्हई लवकर झिजते, म्हणून अशी भांडी आतून हलक्या हाताने घासण्याची रीत होती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचा प्रसार झाला, चुलीच्या जागी रॉकेलचे व पुढे गॅसचे स्टोव्ह आले आणि शहरांतून राख मिळेनाशी झाली. तिची जागा प्रथम भुकटीने, १९९० नंतरच्या दशकात वडीने व त्यानंतर द्रवरूप प्रक्षालकाने घेतली. भुकट्यांत चुनखडीसारख्या खनिजांचे चूर्ण, सोडा व थोडे प्रक्षालक असते. घासणीही तारेची, नायलॉनची व स्पंजाची झाली. मोरीत पाटावर वा उकिडवे बसून भांडी घासण्याऐवजी ओट्यालगतच्या सिंकमध्ये उभ्याने घासण्याची पद्धत शहरी घरांत रूढ झाली. वाहत्या नळाखाली भांडी धुण्याची सवय याच बदलाबरोबर आली. मोरीत पिंपातून वा बादलीतून तांब्याने पाणी घेताना खर्च डोळ्यांना दिसत असे. नळाखाली तो दिसत नाही.

हाताने धुण्याची किफायतशीर रीत पुढीलप्रमाणे आहे : खरकटे काढून टाकणे, करपलेली भांडी वेगळी भिजत घालणे, पेले, वाट्या, ताटे, पातेली व शेवटी कढई-तवा अशा कमी तेलकटाकडून अधिक तेलकटाकडे जाणाऱ्या क्रमाने घासणे, सर्व भांडी घासून झाल्यावर ती एका टोपात व पुन्हा दुसऱ्या स्वच्छ पाण्यात अशी दोनदा विसळणे, आणि पालथी घालून निथळू देणे. पहिल्या विसळण्याचे पाणी पुढील भांडी भिजविण्यास वापरता येते. मोरीचे पाणी परसातील अळू व केळ यांना सोडण्याची ग्रामीण पद्धत या काटकसरीचाच भाग होय.

यंत्राचा इतिहास : भांडी धुण्याच्या यंत्राचे पहिले ज्ञात अमेरिकन एकस्व (पेटंट) जोएल हॉटन यांना १८५० मध्ये मिळाले. त्यांचे यंत्र लाकडी असून त्यात हाताने चाक फिरवून भांड्यांवर पाणी उडविले जाई. त्याने भांडी नीट स्वच्छ होत नसत. एल्. ए. अलेक्झांडर यांनी १८६५ मध्ये दंतचक्रांनी फिरणाऱ्या मांडणीचे एकस्व घेतले.

व्यवहारात यशस्वी ठरलेले पहिले यंत्र जोझेफीन कॉक्रन (१८३९–१९१३) यांनी तयार केले. त्या इलिनॉय राज्यातील शेल्बीव्हिल येथे राहत. नोकरांच्या हातून चिनी मातीची मौल्यवान भांडी फुटतात, हे पाहून त्यांना यंत्राची कल्पना सुचली. १८८३ मध्ये पती वारल्यावर डोक्यावर कर्ज आले व ही कल्पना उपजीविकेचे साधन बनली. जॉर्ज बटर्स या यंत्रकारागिराच्या साहाय्याने त्यांनी घरामागील शेडमध्ये यंत्र बांधले आणि २८ डिसेंबर १८८६ रोजी त्यांना एकस्व मिळाले. या यंत्रात भांड्यांच्या मापाचे तारेचे कप्पे एका चाकावर बसविलेले असून ते चाक तांब्याच्या बाष्पकात आडवे ठेवलेले होते. चाक फिरत असताना तळाकडून गरम साबणयुक्त पाणी भांड्यांवर उसळत असे. भांड्यांवर ब्रश फिरविण्याऐवजी ती जागच्या जागी धरून पाण्याचा मारा करणे, ही यातील नवी कल्पना होती व आजच्या यंत्रांतही तीच वापरतात. शिकागो येथील १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात या यंत्राला पारितोषिक मिळाले. त्यांचे ग्राहक मात्र मुख्यतः हॉटेले व संस्था हेच राहिले. यंत्राची किंमत आणि त्यास लागणारे भरपूर गरम पाणी सामान्य घरांच्या आवाक्यात नव्हते. त्यांची कंपनी १९२६ मध्ये होबार्ट या कंपनीने विकत घेतली आणि तिचे घरगुती यंत्र १९४९ मध्ये किचनएड या नावाने बाजारात आले.

इंग्लंडमध्ये विल्यम हॉवर्ड लिव्हन्स यांनी १९२४ मध्ये समोर दार, तारेची मांडणी व फिरता फवारा असलेले छोटे घरगुती यंत्र बनविले. जर्मनीतील मीले या कंपनीने १९२९ मध्ये यूरोपातील पहिले विजेवर चालणारे यंत्र विक्रीस आणले. घरोघरी नळाचे पाणी, गटारव्यवस्था व वीज या तिन्ही सोयी झाल्यानंतरच, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर, पाश्चात्त्य देशांत त्याचा प्रसार झाला. भारतात हे यंत्र बराच काळ उच्च उत्पन्नाच्या थोड्या घरांपुरते राहिले. २०२० मधील कोविड-१९ च्या टाळेबंदीत घरकामगारांचे येणे थांबल्याने मोठ्या शहरांत त्याची मागणी एकाएकी वाढली.

रचना व कार्य : घरगुती यंत्र म्हणजे स्टेनलेस स्टीलची, पुढील बाजूस जलाभेद्य दार असलेली पेटी होय. तीत तारेच्या दोन सरकत्या जाळ्या असतात : खालची ताटे-पातेल्यांसाठी व वरची पेले-वाट्यांसाठी, चमचे वेगळ्या खणात ठेवतात. प्रत्येक जाळीखाली छिद्रे असलेला एक पोकळ फवारा-दंड असतो. तिरप्या छिद्रांतून पाणी जोराने बाहेर पडताना उत्पन्न होणाऱ्या प्रतिक्रिया बलाने हा दंड स्वतःच फिरतो; त्यास वेगळे चलित्र लागत नाही. तळाशी खोलगट जागा, गाळणी, अभिसरण पंप, निचरा पंप आणि विजेचा तापक असतो.

यंत्रात भांडी पाण्याने भरून जातात हा समज चुकीचा आहे. तळाशी केवळ ३ ते ४ लि. पाणी घेतले जाते व तेच गाळून पुन्हा पुन्हा फवारले जाते. पाण्याची बचत होते ती यामुळेच. पूर्वविसळण, मुख्य धुणे, मधले विसळणे, गरम पाण्याने अंतिम विसळणे व वाळविणे असे टप्पे असून प्रत्येक टप्प्यानंतर मळकट पाणी बाहेर टाकले जाते. मुख्य धुण्याचे तापमान निवडलेल्या कार्यक्रमानुसार सु. ५०° ते ७०° से. असते. अंतिम विसळण्यात तापलेल्या भांड्यांवरील पाण्याची वाफ होते व ती पेटीच्या तुलनेने थंड भिंतींवर निवळून खाली ओघळते. वेळेच्या घटकावर भर देणाऱ्या काटकसरी कार्यक्रमास तीन तासांहूनही अधिक लागू शकतात. तो लांबलचक असला तरी वीज व पाणी कमी घेतो.

यंत्रासाठीचे प्रक्षालक हाताने धुण्याच्या प्रक्षालकापेक्षा सर्वस्वी वेगळे असते. त्यात सोडियम कार्बोनेट व सिलिकेट यांसारख्या अल्कली, ऑक्सिजन मुक्त करणारा विरंजक, पिष्ट व प्रथिने यांचे विघटन करणारी एंझाइमे आणि अत्यल्प फेस देणारी पृष्ठक्रियाकारके असतात. फेस झाल्यास पंपात हवा शिरून फवारा दुबळा होतो, म्हणून हाताने धुण्याचा द्रव यंत्रात कधीही घालू नये. पूर्वी पाणी मृदू करण्यासाठी या प्रक्षालकांत फॉस्फेटे असत. सांडपाण्यातून ती तलावांत जाऊन शैवलांची बेसुमार वाढ होते, म्हणून अमेरिकेतील अनेक राज्यांनी २०१० पासून व यूरोपीय संघाने २०१७ पासून त्यांवर कडक मर्यादा घातल्या. यंत्रातील आयन-विनिमयी रेझीन पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवते आणि वेळोवेळी जाड्या मिठाच्या द्रावाने ते पुन्हा कार्यक्षम होते. दख्खनच्या पठारावर विंधन विहिरींचे पाणी अनेक ठिकाणी कठीण असल्याने तेथे मिठाचा हा कप्पा रिकामा ठेवल्यास भांड्यांवर पांढरा थर बसतो.

पाणी व ऊर्जा : भारतात नागरी पाणीपुरवठ्याच्या आखणीसाठी दरडोई दररोज १३५ लि. हे मानक प्रचलित आहे. त्याच्या रूढ विभागणीत भांडी धुण्यासाठी १० लि. धरलेले असतात, म्हणजे पाचजणांच्या कुटुंबास ५० लि. होतात. मिनिटाला ६ लि. पाणी सोडणारा नळ १५ मिनिटे सतत वाहिला तर ९० लि. पाणी खर्च होते. उलट वर वर्णिलेल्या टोपाच्या रीतीने तेवढीच भांडी २० ते २५ लिटरांत निघू शकतात. आजची बहुतेक घरगुती यंत्रे एका आवर्तनात सु. १० ते १५ लि. पाणी घेतात.

जर्मनीतील बॉन विद्यापीठात राइनर श्टामिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत यूरोपातील निरनिराळ्या देशांच्या ११३ व्यक्तींना बारा माणसांची भांडी हाताने धुण्यास सांगितले होते. सरासरी पाणी सु. १०० लि., ऊर्जा सु. २.५ किलोवॉट-तास व वेळ सु. ७९ मिनिटे लागला. परंतु व्यक्तिव्यक्तींतील फरक फार मोठा होता : जर्मन गटाची सरासरी सु. ४६ लि., तर स्पॅनिश-पोर्तुगीज गटाची सु. १७० लि. होती. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या २०२० मधील अभ्यासात पाणी व ऊर्जा यांबरोबर यंत्राचे उत्पादन व विल्हेवाट यांचाही हिशेब घेतला गेला. वाहत्या गरम पाण्याखाली धुण्याच्या नेहमीच्या पद्धतीपेक्षा यंत्राचे हरितगृह-वायूंचे उत्सर्जन पुष्कळ कमी आढळले. मात्र दोन टोपांच्या पद्धतीने नीट हाताने धुणे हे यंत्राहूनही सरस ठरले.

हे निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. थंड प्रदेशांत हाताने धुतानाही पाणी तापविलेलेच असते, म्हणून कमी पाणी म्हणजे कमी ऊर्जा असे समीकरण तेथे बसते. महाराष्ट्रात भांडी बहुधा गार पाण्याने धुतात. त्यास वीज लागतच नाही म्हटले तरी चालेल. ५० लि. पाणी ३० मी. उंचीवरील टाकीत चढविण्यास सिद्धांततः सु. ०.००४ किलोवॉट-तास पुरतात आणि पंपाची तूट धरूनही हा आकडा क्षुल्लकच राहतो. याउलट १० लि. पाणी २५° वरून ६०° से. पर्यंत तापविण्यास सु. ०.४ किलोवॉट-तास लागतात. पंप, पुन्हा तापविणे व उष्णतेची गळती धरून यंत्राच्या एका आवर्तनास सु. १ किलोवॉट-तास वीज पडते. भारतातील वीज मोठ्या प्रमाणावर कोळशापासून होत असल्याने तेवढ्या विजेमागे सु. ०.७ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड वातावरणात जातो. सारांश, यूरोपात यंत्र पाणी व ऊर्जा दोन्ही वाचविते. आपल्याकडे ते वीज खर्चून पाणी वाचविते.

हा व्यवहार किफायतशीर आहे काय, हे स्थानावर ठरते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा टंचाईत वाचलेल्या प्रत्येक लिटरचे मोल विजेहून अधिक असते. परंतु ज्या गावी टँकरची वाट पाहावी लागते तेथे नळाला पुरेसा दाब व अखंड वीज हीदेखील बहुधा नसतात आणि त्यांवाचून यंत्र चालत नाही. शिवाय यंत्राचे सांडपाणी तीव्र अल्कधर्मी व क्षारयुक्त असल्याने ते झाडांना घालणे योग्य नसते. त्यामुळे पाण्याच्या खऱ्या दुर्भिक्षात आजही टोपाची व राखेची रीतच उपयोगी पडते. भांडी पूर्ण भरल्यावाचून यंत्र चालविले किंवा यंत्रात घालण्यापूर्वी ती नळाखाली धुतली, तर पाण्याची बचत नाहीशी होते. खरकटे काढून टाकणे एवढेच पुरेसे असते.

आरोग्यदृष्ट्या तुलना : हाताला साधारणपणे ४५° से. पर्यंतचेच पाणी सोसते. यंत्रात ६०° ते ७०° से. तापमान दीर्घकाळ राहत असल्याने सूक्ष्मजंतूंची संख्या अधिक घटते. हॉटेले, रुग्णालये व वसतिगृहे यांच्या यंत्रांत अंतिम विसळणीचे पाणी सु. ८२° से. असावे, असा अमेरिकन अन्न-संहितेचा सर्वसाधारण दंडक आहे. हाताने धुताना तेथे तीन कुंड्यांची पद्धत सांगितली आहे : पहिलीत घासणे, दुसरीत विसळणे व तिसरीत ७७° से. च्या पाण्यात किमान ३० सेकंद अथवा ठरावीक तीव्रतेच्या क्लोरीनयुक्त पाण्यात बुडविणे.

हाताने धुण्यातील कच्चा दुवा म्हणजे सदा ओली राहणारी घासणी व पुसण्याचे फडके. जर्मन संशोधकांनी २०१७ मध्ये वापरलेल्या स्वयंपाकघरी स्पंजांची तपासणी केली तेव्हा त्यांत सूक्ष्मजंतूंची अतिशय दाट वस्ती आढळली. म्हणून घासणी पिळून उन्हात वाळविणे, ती वरचेवर बदलणे आणि भांडी फडक्याने पुसण्याऐवजी निथळून वाळू देणे हितावह होय. यंत्रही सर्वस्वी निर्दोष नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत यंत्रांच्या दारांच्या रबरी पट्ट्यांवर उष्णता व अल्कली सोसणारी काळी यीस्ट सापडली. या पट्ट्या व गाळणी नियमित स्वच्छ कराव्या लागतात. व्यावसायिक यंत्रांत चकाकीसाठी वापरल्या जाणाऱ्या विसळण-द्रवातील काही घटक आतड्याच्या पेशींना अपायकारक असल्याचे स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रयोगशाळेत दाखविले. स्वीडनमधील २०१५ च्या एका अभ्यासात हाताने भांडी धुणाऱ्या कुटुंबांतील मुलांत अधिहर्षता (ॲलर्जी) कमी आढळली; तथापि हा केवळ सहसंबंध असून त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. निरोगी माणसांच्या घरात, स्वच्छ पाण्याने नीट धुऊन वाळविलेली भांडी दोन्ही पद्धतींनी पुरेशी सुरक्षित असतात. घरात रुग्ण अथवा तान्हे मूल असता उकळत्या पाण्याची जोड देणे इष्ट ठरते.

सतत पाण्यात व प्रक्षालकात हात राहिल्याने त्वचेतील स्निग्धांश निघून जातो, ती फुटते, त्वचाशोथ होतो आणि बोटांच्या बेचक्यांत कवकसंसर्ग जडतो. दिवसाकाठी अनेक घरची भांडी घासणाऱ्या स्त्रियांत हा विकार नेहमी आढळतो. हातमोजे, कामानंतर हात कोरडे करणे व तेल लावणे हे सोपे प्रतिबंधक उपाय आहेत. यंत्राचे प्रक्षालक तीव्र दाहक असल्याने ते मुलांच्या हाती लागणार नाही, अशी काळजी घ्यावी.

भांड्यांचे प्रकार व यंत्राच्या मर्यादा : स्टेनलेस स्टील, काच व चांगल्या प्रतीची चिनी माती यंत्रात चालते. ॲल्युमिनियम व हिंडालियम अल्कलीत काळवंडतात. तांब्या-पितळेची झळाळी जाते. कल्हईची भांडी, बिडाचे तवे (ते गंजतात), लाकडी पोळपाट-लाटणे, मातीची भांडी व नक्षीदार सोनेरी काठाची काच यंत्रात घालू नये. धारदार सुऱ्यांची धारही जाते. खोलगट कढई, अरुंद तोंडाचा तांब्या, कळशी यांच्या आत फवारा नीट पोहोचत नाही. फोडणीचे जळलेले तेल व तळाशी लागलेले दूध आधी खरवडावे लागते. मोठ्या पातेल्यांनी जागा व्यापल्यामुळे एका भारतीय जेवणाची सर्व भांडी पुष्कळदा एका आवर्तनात मावत नाहीत. भारतीय बाजारासाठीच्या यंत्रांत कढईकरिता सु. ७०° से. चा खास कार्यक्रम देण्यात येतो. यंत्र घेतलेल्या घरातही काही भांडी हातानेच घासावी लागतात, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

भांडी धुण्याचे काम टाळण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे एकदाच वापरून टाकावयाची भांडी. पळस व वड यांच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण यांनी पंगतीची सोय पूर्वी होत असे व त्यांचे खत होई. त्यांची जागा घेणाऱ्या प्लॅस्टिक व थर्मोकोल यांच्या ताटल्यांनी कचऱ्याचा प्रश्न निर्माण केला. महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून त्यांवर बंदी घालण्यात आली.

श्रम व समाज : उष्टे-खरकटे, सोवळे-ओवळे यांच्या कल्पनांमुळे भांडी घासणे हे काम हलके मानले गेले आणि ते घरातील सुनांवर, मुलींवर अथवा मोलकरणीवर सोपविले गेले. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ मधील वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे देत. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ मिनिटे होते. म्हणजे दोघांचाही वेळ थोडा कमी झाला, पण अंतर जवळजवळ तसेच राहिले.

शहरांतून धुणी-भांडी हे स्त्रियांच्या रोजगाराचे मोठे क्षेत्र आहे. वेतन बहुधा कामागणिक व महिन्यावर ठरते. रजा, आजारपण व वृद्धापकाळ यांची तरतूद क्वचितच असते. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला व त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. महाराष्ट्र शासनाने २००८ च्या अधिनियमान्वये घरेलू कामगारांसाठी कल्याणकारी मंडळाची तरतूद केली. ज्या घरात बाईने घासलेल्या ताटांत सर्वजण जेवतात, तेथेच तिच्या चहाचा कप मात्र निराळा ठेवण्याची प्रथा आढळते. घासण्याच्या कामाला दिलेली प्रतिष्ठा किती, हे या एका गोष्टीवरून दिसते.

यंत्राने घरच्या स्त्रीचे श्रम कमी होतात, तसा घरकामगार स्त्रीच्या उत्पन्नाचा एक भागही कमी होतो. यंत्रात भांडी रचणे, काढणे, गाळणी साफ करणे व मोठी भांडी घासणे ही कामे उरतातच आणि ती कोणी करावयाची हा प्रश्न यंत्र सोडवीत नाही. त्यामुळे दोहोंपैकी कोणत्याही पद्धतीचा गुणदोष ठरविताना पाण्याचे लिटर व विजेचे एकक यांबरोबर काम करणाऱ्या हातांचाही हिशेब घेणे आवश्यक ठरते. जेथे पाणी कमी, वीज पुरेशी आणि भांडी यंत्रायोग्य आहेत, तेथे पूर्ण भरून चालविलेले यंत्र उपयुक्त होय. इतरत्र नळ बंद ठेवून, टोपात विसळून व घरातील सर्वांनी वाटून घेऊन हाताने भांडी धुणे ही रीत आजही कमी खर्चाची व पर्यावरणास कमी भार देणारी आहे.